पंजाबरावांचा मुद्दा

१ जून २०२५, रविवार

काल निवृत्त झाले. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्या बाईला उद्यापासून कुठेही वेळेवर पोचायचं नाही तिला घड्याळ देण्यामागे काय तर्क होता, हे प्राचार्यांना विचारायचं राहिलं.

माझ्या जागी कुणी येणार नाही. तर्कशास्त्र घेणारी मुलं गेल्या वर्षी नऊ होती, यंदा चारच. म्हणून कॉलेजने विषयच बंद केला. तीस वर्षं मी जे शिकवलं ते माझ्याबरोबरच घरी आलं आहे.

आभाचा पुण्याहून फोन आला, "आई, आता मज्जा कर." करते म्हणाले. मज्जा म्हणून दुपारी ही वही काढली.

१५ जून, रविवार

कॉलनीच्या ग्रुपवर समाजमंदिरातल्या डीजेचा विषय निघाला. मी लिहिलं, शेजारी दोन हृदयरोगी आहेत, आवाजाला मर्यादा असावी. त्यावर आमचे सेक्रेटरी सलील यांचं उत्तर : "ज्यांच्या मुलीने कोर्टात सही करून लग्न उरकलं, त्यांनी आमच्या वरातीवर बोलू नये."

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

वर्गात सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. मी आवाजाबद्दल बोलले, उत्तर माझ्या मुलीबद्दल आलं. मुद्दा खोडता येत नसला की माणसाला खोडायचं. मला वाईट मुळीच वाटलं नाही. मेसेज फक्त चार-पाच वेळा वाचला.

मात्र यवतमाळलगतच्या लोहाऱ्याच्या या टोकाला शंभर घरं आहेत आणि भांडायचं कसं ते एकालाही येत नाही. दर रविवारी सकाळी समाजमंदिरात वर्ग घ्यावा असं मनात आलं आहे. फी नाही. विषय : वाद कसा घालावा.

२९ जून, रविवार

पहिला वर्ग झाला. सात जण आले. स्पर्धा परीक्षेची तीन मुलं, एक गृहस्थ पेपर वाचायला, समोरच्या कोकिळाताई माझी कीव येऊन, त्यांची मैत्रीण कोकिळाताईंची कीव येऊन. सातवे पंजाबराव. मागच्या गल्लीत एकटेच राहतात, एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा कपिल वणीला कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये असतो. ही माहिती कोकिळाताईंची. त्यांचं सासर आणि पंजाबरावांचं गाव एकच, बाभुळगावजवळचं.

फळ्यावर वर्गाचा एकच नियम लिहिला : "कोण बोललं ते विसरा. काय बोललं ते तपासा."

पंजाबरावांनी नवी कोरी वही आणली होती. नियम उतरवून घेतला, मग हात वर केला. "म्हंजे मॅडम, इथं मी बी बोलू शकतो?"

म्हटलं, "पंजाबराव, तुम्हाला काय वाटतं ते ऐकायलाच तर बसलोय."

ते नुसती मान हलवून खाली बसले.

६ जुलै, रविवार

आज व्यक्तिदोष शिकवला, म्हणजे मुद्दा सोडून माणसावर घसरणं. पुस्तकातली उदाहरणं दिली, पोरं जांभया देत होती. मग पंजाबराव उभे राहिले.

"मॅडम, हे तं आमच्या गाडीत रोज होये. बिना तिकिटाचा मानूस सगळ्यात मोठ्यानं बोलते. एकडाव पांढरकवड्याच्या गाडीत एकजन मलेच म्हने, तू काल दारू पिऊन होता, तू काय मले तिकीट मागतं? मी म्हनलं, दादा, मी पेलो असन नाहीतं नसन, ते मंग पाहू. तुमचं तिकीट कुठी हाय?"

सगळा वर्ग हसला. तीस वर्षांत मला हे इतकं नीट सांगता आलं नाही, याचा थोडा राग आला आणि खूप आनंद झाला. आता कॉलनीत पोरं भांडताना एकमेकांना विचारतात, "तुमचं तिकीट कुठी हाय?"

१० ऑगस्ट, रविवार

मधले रविवार लिहिले नाहीत, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. वर्ग होतो. वर्ग संपला की पंजाबराव चहाला थांबतात, कारण त्यांना शंका असतात. ते विद्यार्थी म्हणून चिकाटीचे आहेत.

आज त्यांनी काटवलं, म्हणजे करटोली, आणली होती, गावाकडच्या शेताच्या धुऱ्यावरची. सोबत अशी शंका : "सगळे म्हनतात देव हाय, म्हनून देव हाय, हे चालन काय?" चालणार नाही म्हटलं. "आन सगळे म्हनतात पंजाबरावनं आता वणीले पोराकडं जावं, ते?" तेही नाही चालणार म्हटलं. ते हसले. त्यांना वरचा एक दात नाही, म्हणून हसताना तोंडापुढे हात धरतात.

काटवलं एकटीसाठी जास्त होती. दोन दिवस खाल्ली.

रविवार फार उशिरा येतो, असं हल्ली वाटतं. कामाची सवय सुटलेली नाही, दुसरं काय.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा. कोकिळाताईंनी आग्रह करून त्यांच्या गावी नेलं. मी जन्मापासून यवतमाळात, घरात सगळे कारकून नाहीतर मास्तर. बैल पाहिला तो रस्त्यावर. आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, खाली बैलांची रांग, पाठीवर झुली. डफ वाजला की कुणीतरी पुढे येऊन झडती म्हणतो, म्हणजे कुणाची तरी खोडी काढणाऱ्या चार ओळी. सरपंचाची झाली, एका जावयाची झाली. लोक पोट धरून हसत होते. मीही हसले.

मग पंजाबराव पुढे आले. पांढरं धोतर, डोक्याला शेला. माझ्याकडे पाहून खणखणीत आवाजात म्हणाले :

"तुरीची शेंग, पराटीचं बोंड,
मॅडमच्या वर्गात उघडेना तोंड!
देवाचं सांगनं बी खरं काय पुसते,
यम आला दारात तं पुरावा मागते!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

सगळा गाव माझ्याकडे वळून हसला. मी कोकिळाताईंना डोकं दुखतंय म्हणाले आणि मिळेल त्या ऑटोने परत आले.

इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार. चार वर्षांपूर्वीच्या त्या कोरोनाच्या एप्रिलमध्ये माझ्या नवऱ्याला, श्रीकृष्णाला धाप लागली तेव्हा आभा फोनवर रडून सांगत होती, बाबांना आत्ताच्या आत्ता नागपूरला हलव. मी म्हणाले, आधी दुसरा रिपोर्ट येऊ दे, उगाच घाबरून निर्णय घ्यायचे नाहीत. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर त्याचा उपयोग उरला नव्हता. यम दारात आला होता आणि मी पुरावा मागत होते.

हे कुणालाच माहीत नाही. पंजाबरावांनाही माहीत असणं शक्य नाही. पण माझ्यावर, भर गावात, माझ्या माणसानं... विद्यार्थ्यानं. व्यक्तिदोष माझ्याकडूनच शिकून माझ्यावरच चालवला.

२४ ऑगस्ट, रविवार

वर्ग रद्द केला, कारण सकाळी कॉलनीची सभा होती. पंजाबराव सभेआधी दोनदा फाटकाशी येऊन गेले. मी दार उघडलं नाही.

सभेत विषय गणपतीचा. सलील यांचं म्हणणं, मंडप कशाला, यंदा समाजमंदिरातच बसवू. पंजाबराव उठले. "तिथं बसवू नका. स्लॅबमंधी पानी मुरून राह्यलं. सळया फुगल्या हायत. मांगच्या रविवारी माह्या खांद्यावर पोपडा पडला. पयले कोनाले तरी दाखवा, तवर मंदिर बंद ठेवा. वर्ग बी नका घेऊ."

माझा वर्ग! मी उठले. म्हणाले, "पंजाबराव, तुमचं शिक्षण किती? दहावी नापास ना? चौतीस वर्षं तिकिटं फाडलीत, आता स्लॅब तपासायला लागलात. उद्या आमच्या नाड्याही तपासाल."

सभा खदखदून हसली. सलील तर टाळ्या वाजवत म्हणाले, "मॅडम, एक नंबर!" ठराव मंजूर झाला. गणपती मंदिरात, वर्गही मंदिरात.

पंजाबराव उभेच होते. हात तोंडापुढे धरला होता, जसा हसताना धरतात, पण हसत नव्हते. मग चप्पल शोधून निघून गेले.

यात दोष कुठलाही नाही, हे नीट लिहून ठेवते. बांधकामाच्या प्रश्नात बोलणाऱ्याची पात्रता विचारणं हे प्रस्तुत असतं. मी माणसावर हल्ला केला नाही, फक्त पात्रतेचा प्रश्न उपस्थित केला. दोन्हींत फरक आहे आणि तो मी दरवर्षी शिकवत आले.

सभा जिंकले. जेवण गेलं नाही. पित्त झालं असावं.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीमुळे वर्ग नाही. आरतीला गेले. पंजाबराव नव्हते. चहा सवयीने दोन कप ठेवला गेला, दुसरा ओतून दिला.

७ सप्टेंबर, रविवार

गणपती काल गेले. आज वर्गाला पाच जण. पंजाबराव नाहीत. शिकवताना दोनदा शंकांसाठी थांबले, पण विचारणारंच कुणी नव्हतं.

संध्याकाळी कोकिळाताई आल्या आणि पंजाबरावांची वही माझ्यासमोर ठेवली. "वणीले गेला तो, पोराकडं. आता तिथंच राह्यतो म्हने. हे तुमाले द्याले सांगितलं."

मी म्हणाले, "झडती म्हणून भर गावात माझी अब्रू काढली, आणि राग त्यांनाच?"

कोकिळाताई माझ्याकडे पाहतच राहिल्या. "अव्वो मॅडम, काय बोलून राह्यल्या तुमी? ज्याच्यावर झडती नाही, त्याले गावात कोन मोजते? सरपंचावर होते, जावयावर होते, आपल्या मानसावर होते. माह्या सासऱ्यावर एका साली झाली नाही, तं बुढा आठ दिवस जेवला नाही नीट. तुमी तं आमच्या गावच्या बी नाही. तरी त्यानं तुमची म्हनली. पंधरा दिवस घोकत होता, माह्यासमोर म्हनून पाहे, वहिनी, मॅडमले आवडन काय?"

त्या गेल्यावर वही उघडली. पहिल्या पानावर वर्गाचा नियम, मोठ्या अक्षरात, खाली दोनदा रेघ. मग माझे सगळे रविवार तारखेवार. शेवटच्या पानांवर झडती. खोडलेली, पुन्हा लिहिलेली. एका जागी "मॅडम लई हुशार" लिहून खोडलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं, "हे सरळ म्हनता येत नाही."

मला तीस वर्षं पगार मिळाला तो वाक्यं नीट वाचण्याचा.

८ सप्टेंबर, सोमवार

आज मंदिरात पोरं सजावट काढत होती. झुंबराची दोरी ओढली तर हूक स्लॅबच्या मोठ्या तुकड्यासकट खाली आला. दहा दिवस जिथे बायका आरतीला उभ्या राहत होत्या, मीही, बरोबर तिथे. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. वरती सळया उघड्या पडल्या, गंजून फुगलेल्या. दुपारी एक इंजिनिअर आला, हातोड्याने दोन-चार ठिकाणी ठोकलं आणि म्हणाला, "कुणाला दिसलं कसं नाही?"

सलील यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सळयांकडे.

दिसलं होतं. ज्याला दिसलं त्याचं शिक्षण मी विचारलं. पोपडा खांद्यावर पडला हे कळायला कुठली पदवी लागते? मी पात्रता तपासत नव्हते. मला दुखलं होतं म्हणून मला तो माणूस दुखवायचा होता, आणि कुठे दुखेल ते मला नेमकं ठाऊक होतं, कारण चहा पिताना त्यांनीच सांगितलं होतं दहावीचं. सलील यांनी माझ्या मुलीवरून केलं ते रागाच्या भरात, अज्ञानाने. मी नाव, व्याख्या आणि उदाहरणांसकट जाणून केलं.

१४ सप्टेंबर, रविवार

माझ्या व्हरांड्यात सगळ्यांना बोलावलं. सलीलही आले. मी सभेत बोलले ते वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हटलं आणि सांगितलं की हा व्यक्तिदोष आहे, तो मी केला, आणि तुम्ही हसलात. आता कुणी हसलं नाही. मग सांगितलं की जिला स्वतःचा नियम पाळता येत नाही तिने तो शिकवू नये, म्हणून वर्ग आजपासून बंद.

स्पर्धा परीक्षेतली मुलगी काहीतरी म्हणणार होती, पण मी खुर्च्या उचलायला लागले.

आभाचा फोन आला. आवाज असा का म्हणून तिने विचारलं. सर्दी म्हणाले. चार वर्षं हिच्याशीही मी सर्दीच बोलते आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

वणीला जाऊन आले. कोकिळाताईंकडून पत्ता घेतला होता. सकाळच्या बसने निघाले, मारेगाव मागे टाकलं तरी काय बोलायचं ते ठरत नव्हतं. वणीत कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत गाडी अर्धा तास अडकली. रस्त्याकडेची झाडं काळी.

पंजाबराव अंगणात सोयाबीनच्या शेंगा निवडत बसले होते. मला पाहून उठले, अंगरखा ओढून नीट केला. सुनेने पाणी दिलं आणि ती आत गेली.

मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "स्लॅब पडला. तुम्ही खरं सांगत होता."

"ते तं मले माहीतच होतं," ते म्हणाले. "कोनाले लागलं तं नाही?"

"नाही."

"मंग झालं."

मी समोर बसून शेंगा निवडायला लागले. मग ते खाली बघत बोलले, "मॅडम, मले स्लॅबचं काही नाही. दहावी नापास हावोच मी, खोटं कायले म्हनू. पन चौतीस वर्सं लोकं मले 'ए कंडक्टर' करून राह्यले. तुमच्या वर्गात पयल्यांदा कोनी इचारलं, पंजाबराव, तुमाले काय वाटते. मी घरी येऊन बायकोच्या फोटोले सांगितलं ते. आन मंग तुमीच..."

पुढचं मला ऐकवलं नसतं.

मी श्रीकृष्णाचं सांगितलं. रिपोर्टचं, नागपूरचं, यमाच्या ओळीचं. कुणालाही न सांगितलेलं, एका परक्या अंगणात, हातात शेंगा घेऊन. ते ऐकत राहिले. "मले मालूम असतं तं ते ओळ मी जन्मात नसतो बोललो," एवढंच म्हणाले, आणि पुढे सांत्वन वगैरे काही केलं नाही, हे बरं केलं.

निघताना मी सांगितलं, वर्ग बंद केला. जी स्वतः चुकली तिने दुसऱ्यांना काय शिकवायचं.

त्यांनी मान वर केली. या आधी वर्गात करायचे तशी.

"नाही पटलं."

"काय नाही पटलं?"

"डॉक्टर बिडी पेते म्हनून बिडी चांगली होते काय? बिडी वाईटच. तुमी नियम मोडला म्हनून नियम खोटा झाला काय? तुमी शिकवनारीकडं पाहून शिकवन्याले टाकून देऊन राह्यल्या. सभेत माह्यासोबत केलं, तेच आता सोतासोबत करून राह्यल्या. मुद्दा कच्चा हाय मॅडम."

"मग तुम्ही येता का परत?" असं विचारलं, आणि विचारल्यावर कळलं की इतक्या दूर हेच विचारायला आले होते.

"राग हाय अजून," ते म्हणाले. "खोटं कायले बोलू. तो जाईन त्याच्या टायमानं, नाहीतं नाही बी जाईन. पन वर्ग चालू करा."

परतीच्या बसमध्ये तीन तास त्यांचा युक्तिवाद खोडायचा प्रयत्न केला. दुसऱ्या बाजूने पाहिला, तिसऱ्या बाजूने पाहिला. खोडता येत नाही. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांना मेसेज केला : "तुमचा मुद्दा मान्य. रविवारी वर्ग घेते."

उत्तर आलं : "बरं."

संपलं असं समजून फोन ठेवला. पाय धुतले, देवाजवळ दिवा लावला, आभाला फोन करून बाबांबद्दल जे बोलायचं आहे त्याची मनात दोनदा सुरुवात केली. मग पुन्हा फोन वाजला. पंजाबरावांचाच मेसेज होता.

"जेवल्या काय?"

नाही, असं खरं ते कळवलं आणि उठून कुकर लावला.